व्हिसा कंपनीचा की गुत्तेदाराचा?

पाथरी तालुक्यात 'गुत्तेदार' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. विहीर खोदायची, रस्त्यावर खडी टाकायची, शाळेची भिंत बांधायची, ऊस तोडायचा. जिथे जिथे आपल्या वस्तीतल्या माणसाच्या हाताला काम मिळते, तिथे तो आणि त्याचे काम यांच्या मध्ये गुत्तेदार नाहीतर मुकादम उभा असतो. काम एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि हिशेब तिसऱ्याच्या वहीत. कारखान्याला विचारावे तर कारखाना म्हणतो, ही माणसे आमची नव्हेत, मुकादमाची आहेत. मुकादम म्हणतो, मी कुठला मालक, मीही तुमच्यासारखाच. फडात कोयता लागून बोट गेले की मालक कोण हे शोधता शोधता हंगाम संपतो.

आता याच वस्त्यांतली पोरे मानवत रोडला नाहीतर परभणीला गाडी धरतात, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात आणि विमानात बसतात. कुणी सौदीला, कुणी दुबईला, कुणी कतारला, कुवेतला. गवंडी, सेंट्रिंगवाला, वेल्डर, ड्रायव्हर, सफाई कामगार, हॉटेलातला वाढपी. आखाती देशांत आज नव्वद लाखांच्या आसपास भारतीय आहेत. पोरगा विमानात बसला म्हणजे गुत्तेदार मागे राहिला, अशी घरच्यांची समजूत होते. ती बरोबर नाही. अनेक वेळा गुत्तेदार त्याच्या आधीच तिथे पोचलेला असतो आणि त्याचेच नाव पोराच्या व्हिशावर असते. म्हणून हा लेख. जाणाऱ्या पोरांनी तो वाचावाच, पण कर्जाच्या कागदावर ज्यांचे अंगठे आणि सह्या पडतात त्या आई-वडिलांनी आणि लेकी-सुनांनी तो आधी वाचावा.

नोकरी आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी

व्हिसा म्हणजे त्या देशात शिरण्याची परवानगी. पण आखाती देशांत कामाचा व्हिसा नुसता देशाचा नसतो, तो एका मालकाच्या नावाचा असतो. त्या मालकाला अरबी भाषेत कफील म्हणतात. पोराचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचे ओळखपत्र, त्या कफिलाच्या नावाने निघतो. त्याचा बँकेतला पगार, दवाखान्याचा विमा, परतीचे तिकीट आणि भांडण झालेच तर कामगार न्यायालयातला दावा, हे सगळे त्या एका नावाला बांधलेले असते. म्हणून 'पगार किती' हा पहिला प्रश्न नव्हे. 'कफील कोण' हा पहिला प्रश्न आहे.

व्यवहारात आपल्या पोरांसमोर तीन तऱ्हेचे व्हिसे येतात.

पहिला सरळ कंपनीचा. ज्या कंपनीत काम, तीच कफील. पगार तीच देते, खोली तीच देते.

दुसरा 'सप्लाय'वाल्याचा. हा आपला गुत्तेदार. कफील एक माणसे पुरवणारी कंपनी आणि काम मात्र रोज निराळ्या साइटवर, निराळ्या कंपनीच्या हाताखाली. हा प्रकार बेकायदेशीर आहे असे समजू नये. सौदी अरेबियात २०१४ पासून 'अजीर' नावाची सरकारी नोंदणी आहे. एका मालकाने आपली माणसे दुसऱ्याकडे कामाला द्यायची तर तिच्यात नोंद करावी लागते. नोंद असेल तर दुसऱ्या साइटवर सापडलेला कामगार कायद्यात बसतो, नसेल तर त्याच साइटवर, तेच काम करताना तो गुन्हेगार ठरतो. काम तेच, हात तेच, फरक एका नोंदीचा. शिवाय सप्लायवाल्याचा दर आणि कामगाराचा पगार यांच्यामध्ये किती पैसा अडतो हे कामगाराला कधी कळत नाही. साइटवर काम नसेल त्या दिवसाचा पगार मिळतो की नाही, हे करारात लिहिले नसेल तर तो मिळत नाही असेच धरून चालावे.

तिसरा 'आझाद' व्हिसा. याच्यावर थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण सगळ्यांत जास्त घरे यानेच बुडाली.

आझाद नावाचा व्हिसा नाही

'आझाद व्हिसा आहे, कुणाची गुलामी नाही, जिथे जास्त रोज मिळेल तिथे काम करायचे.' हे वाक्य पाथरीच्या बसस्टँडवर ऐकायला गोड लागते. जन्मभर मुकादमाच्या वहीत अडकलेल्या बापाला तर ते फारच गोड लागते. पण आझाद किंवा फ्री व्हिसा नावाची कोणतीही वस्तू सौदीच्या, कुवेतच्या वा अमिरातीच्या कायद्यात नाही.

खरा व्यवहार असा असतो. तिथला एखादा माणूस आपल्या नावावर कामगार आणण्याची परवानगी काढतो. घरचा ड्रायव्हर हवा, बागेला माळी हवा, छोट्या दुकानाला मदतनीस हवा, असे दाखवतो. प्रत्यक्षात त्याला ड्रायव्हर नको असतो, माळीही नको असतो. तो ती परवानगी दलालाला विकतो. दलाल आपल्याकडच्या दलालाला विकतो, तो आपल्या पोराला. पोरगा पोचल्यावर कफील त्याला सांगतो, जा, तुझे तू काम शोध, आणि मला वर्षाचे इतके दे. म्हणजे ज्याने काम द्यायचे त्यालाच कामगार पैसे भरतो. आपल्याकडच्या मुकादमाने निदान उचल तरी दिली असती!

कायदा काय म्हणतो? सौदी कामगार कायद्याचे कलम ३९ सांगते की कामगाराने आपल्या मालकाशिवाय दुसऱ्याकडे काम करू नये आणि मालकाने त्याला तसे करू देऊ नये. त्याच कायद्याचे कलम ४० सांगते की कामगार आणण्याचा खर्च, इकाम्याची फी, तिचे नूतनीकरण, उशिराचा दंड आणि करार संपल्यावर परतीचे तिकीट, हे सगळे मालकाने भरायचे. आझाद व्हिशावर दोन्ही कलमे उलटी फिरतात. दुसऱ्याकडे काम केले म्हणून कामगार दोषी आणि मालकाचा खर्चही कामगाराच्याच डोक्यावर.

तो खर्च किती? परदेशी कामगारांची संख्या सौदी कामगारांपेक्षा जास्त असलेल्या आस्थापनांवर सौदी सरकारने २०१८ मध्ये दर परदेशी कामगारामागे महिना ४०० रियाल कर बसवला. तो २०१९ मध्ये ६०० आणि २०२० मध्ये ८०० रियाल झाला. कारखान्यांतल्या कामगारांना आणि काही लहान दुकानदारांना यात सूट मिळाली, पण ज्याला सूट नाही त्याचा हिशेब करून पाहा. महिना ८०० म्हणजे वर्षाला ९,६०० रियाल. रियाल २३ रुपयांचा धरला तर दोन लाख वीस हजार रुपये. नीट कंपनीत हा भार कंपनी उचलते. आझादवाल्याला त्याचा कफील म्हणतो, तू भर. पोराने वर्षभर काँक्रीट वाहून कमावलेले यातच जाते. भरले नाही तर इकामा संपतो आणि इकामा संपला की रस्त्यावर पोलीस दिसला तरी छाती धडधडते.

याहून वाईट म्हणजे 'हुरूब'. कफिलाशी पैशावरून वाजले की तो सरकारी नोंदीत लिहून टाकतो की हा कामगार पळून गेला. याला हुरूब लावणे म्हणतात. एकदा हुरूब लागला की दुसरीकडे काम नाही, इकामा नाही, घरी येण्याचा रस्ताही सरळ नाही.

२०१३ साली याची परीक्षाच झाली. सौदीने २०११ मध्ये 'निताकत' नावाची योजना आणली होती. प्रत्येक कंपनीत ठराविक प्रमाणात सौदी माणसे असलीच पाहिजेत, असा तिचा नियम. दोन वर्षांनी तपासण्या सुरू झाल्या आणि एकाच्या नावावर येऊन दुसरीकडे राबणारे सगळे उघडे पडले. सरकारने कागद दुरुस्त करायला किंवा देश सोडायला आधी जुलैपर्यंत आणि मग ३ नोव्हेंबर २०१३ पर्यंत मुदत दिली. त्या वर्षात सव्वा लाखाहून अधिक भारतीय परत आले. त्यांत दारू प्यालेले, चोरी केलेले कितीसे असतील? बहुतेक जण रोज बारा-बारा तास राबणारे होते. त्यांचा दोष एवढाच की व्हिशावर एक नाव होते आणि काम दुसऱ्याकडे होते.

इथे एक खूण सांगून ठेवावीशी वाटते. सौदीत नागरिकाच्या ओळख क्रमांकाची सुरुवात १ ने होते, तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाची २ ने आणि नोंदणी झालेल्या आस्थापनेच्या एकत्रित क्रमांकाची ७ ने. एजंट तोंडाने 'मोठी कंपनी' म्हणतो आणि व्हिशावरच्या कफिलाचा क्रमांक १ ने सुरू होतो, असे दिसले तर त्याला तिथेच थांबवून विचारावे, ही कंपनी आहे की कुणाचे घर? कुवेतमध्ये हीच गोष्ट कलमाने ओळखता येते. खाजगी कंपनीत काम करणाऱ्याचा परवाना कलम १८ चा, घरकामाच्या माणसाचा कलम २० चा. वेल्डिंग करायला निघालेल्या पोराच्या कागदावर कलम २० असेल तर ते वेल्डिंग कायद्याला ठाऊक नाही.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. सौदीने १४ मार्च २०२१ पासून कामगाराला एक वर्षानंतर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. मोठी सुधारणा म्हणून तिची वाहवा झाली आणि ती योग्यच होती. पण घरचा ड्रायव्हर, घरकामगार, माळी, शेतावरचा गडी यांना ती लागू केली नाही. म्हणजे ज्या नावांखाली आझाद व्हिसे विकले जातात, नेमकी तीच नावे वगळली गेली.

कायदेशीर स्वतंत्र कामगार कुठेच नसतो का? असतो. अमिरातीत स्वतःच्या नावावर काम करणाऱ्याला परवाना मिळतो. २०२२ पासूनच्या 'ग्रीन व्हिसा'त अशा माणसाला पाच वर्षे राहता येते. पण त्यासाठी पदवी किंवा खास पदविका लागते आणि मागील दोन वर्षांचे स्वतंत्र कामाचे उत्पन्न ३,६०,००० दिरहमांपेक्षा कमी नसावे लागते, किंवा स्वतःच्या पैशावर तिथे राहण्याची ऐपत दाखवावी लागते. हा व्हिसा चित्रकार, संगणकतज्ज्ञ, सल्लागार यांच्यासाठी आहे. गल्लीतला एजंट 'फ्रीलान्स' म्हणून जे विकतो ते हे नव्हे. आणि टुरिस्ट व्हिशावर जाऊन तिथे काम करणे तर साफ गुन्हा आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीने २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड ठेवला आहे. दंड मालकाला होतो हे खरे, पण दंडाच्या भीतीने मालक पहिल्यांदा काय करतो? माणसाला बाहेर काढतो.

कंपनीचा व्हिसा म्हणजे हमी नव्हे

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग कंपनीचा व्हिसा घेतला की निर्धास्त. तसेही नाही. २०१६ साली सौदीतल्या 'सौदी ओजर' या अतिशय मोठ्या बांधकाम कंपनीचे हजारो भारतीय कामगार महिनोन् महिने पगाराशिवाय जेद्दाच्या छावण्यांत अडकले. खाण्याचे हाल झाले. भारतीय वकिलातीने धान्य पोचवले, तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह स्वतः तिथे गेले. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात एका कंपनीच्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय मेले. या दोन्ही ठिकाणी कागद सरळ होते.

मग फरक कुठे पडला? फरक नंतर पडला. कंपनीच्या नावावर असलेल्या कामगाराचे नाव यादीत होते. राहिलेल्या पगाराचा दावा कुणावर करायचा हे ठरलेले होते. बँकेमार्फत पगार देण्याची सक्ती अमिरातीत २००९ पासून, सौदीत २०१३ पासून आणि कतारमध्ये २०१५ पासून आहे, त्यामुळे किती महिने पगार झाला नाही हे कागदावर दिसत होते. आझादवाला रोख रोज घेतो. तो बुडाला तर त्याच्याजवळ दाखवायला एक चिठ्ठीही नसते.

आपल्या देशाचा कायदा

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन अधिनियम आहे. त्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी सरकारने २०२५ मध्ये एक मसुदा काढला. आपल्या पोरांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का दिसतो तो या १९८३ च्या कायद्यामुळे. दहावी पास नसलेल्याला साधारणपणे हा शिक्का पडतो. शिक्का असलेल्याला आखाती देश, मलेशिया वगैरे ठरलेल्या अठरा देशांत कामाला जायचे तर सरकारची मंजुरी लागते. ती 'ई-मायग्रेट' या संगणकावरच्या नोंदणीतून मिळते. मालक कोण, पगार किती, काम कोणते, हे त्यात लिहावे लागते. महाराष्ट्रासाठी उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, विदेश भवनात आहे.

शिक्का पडला की पोरांना कमीपणा वाटतो. खरे तर तो शिक्का म्हणजे सरकारने एकदा तरी करार पाहिला, याची खूण आहे. दहावी पास झालेल्या पोराला शिक्का नसतो, मंजुरी लागत नाही, आणि म्हणूनच एजंटाला तो जास्त आवडतो. त्याला टुरिस्ट व्हिशावर सहज बसवता येते, विचारणारे कुणी नसते. शिकलेला पोरगा अशिक्षित पोरापेक्षा लवकर फसतो, ही विचित्र गोष्ट या नियमातून निघते. म्हणून शिक्का नसला तरी ई-मायग्रेटमधूनच जाण्याचा आग्रह धरावा.

याच मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा येतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. एका पिशवी सिमेंटच्या आसपासची ही रक्कम. शिक्का असलेल्याला हा विमा सक्तीचा आहे. शिक्का नसलेल्याने तो आपणहून काढावा. टुरिस्ट व्हिशावर गेलेल्याला तो लागू होत नाही.

बाया-बहिणींसाठी नियम आणखी कडक आहेत. शिक्का असलेल्या पासपोर्टवर तीस वर्षांखालील बाईला या देशांत कामाला जाण्याची मंजुरी मिळत नाही. घरकामासाठी बाई नेणाऱ्या परदेशी मालकाला आपल्या वकिलातीकडे अडीच हजार डॉलरची बँक हमी ठेवावी लागते. आणि नर्सिंग केलेल्या आपल्या मुलींनी हे लक्षात ठेवावे की त्यांच्या पासपोर्टवर शिक्का नसला तरी एप्रिल २०१५ च्या अखेरीपासून या अठरा देशांत जायला त्यांना मंजुरी लागते, आणि भरती सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच होते. एखादा खाजगी माणूस 'जीएनएम झालीस ना, थेट पाठवतो' म्हणाला तर तो नियमाबाहेर बोलतो आहे.

एजंट आणि त्याचे पैसे

नोंदणी झालेल्या एजंटाने सरकारकडे पन्नास लाखांची बँक हमी ठेवलेली असते (वर्षभरात थोडी माणसे पाठवणाऱ्या लहान एजंटाला आठ लाख). त्याला नोंदणी क्रमांक असतो आणि जाहिरातीत तो छापावा लागतो. हा क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत ताडून पाहता येतो. आपल्या तालुक्याला, माजलगावला, परभणीला जो 'एजंट' म्हणून फिरतो तो बहुतेक वेळा या यादीत नसतो. तो कुणाचा तरी हस्तक असतो. हस्तकाला, म्हणजे सब-एजंटाला, कायद्यात जागाच नाही. ओळखीचा आहे, पाहुण्यातला आहे, आपल्याच समाजाचा आहे, याने कायद्यात फरक पडत नाही. उलट समाजाचे नाव पुढे करणाऱ्याकडून पावती आधी मागावी.

नोंदणी झालेल्या एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे ३५,४०० रुपये. त्याची पावती द्यावी लागते. आता आपल्याकडे बोलला जाणारा आकडा घ्या. दीड लाख समजा. तो पैसा घरात नसतो. शेकडा तीनने सावकाराकडून येतो, नाहीतर बचत गटातून येतो, नाहीतर सुनेच्या गळ्यातले मोडून येतो. दीड लाखाला शेकडा तीन म्हणजे महिना साडेचार हजार नुसते व्याज. १,२०० रियाल पगार म्हणजे साधारण साडेसत्तावीस हजार रुपये. त्यातून त्याचे खाणे, मोबाईल, आजारपण वजा करा. पहिले तीन महिने इकामा निघेपर्यंत पगार अडला, तर साडेतेरा हजार रुपये व्याज घरी आईने भरायचे. पोरगा परत येऊ म्हणतो तेव्हा त्याला थांबवणारा कफील नसतो, हे व्याज असते.

एका घरात आम्हाला करार पाहायला मिळाला. घर कुणाचे ते सांगण्याचे कारण नाही. मुंबईत सही केलेल्या कागदावर 'फॅक्टरी हेल्पर' असे होते, विमानतळावर हातात दिलेल्या अरबी कागदावर काय होते ते घरात कुणालाच वाचता येईना. पोराने दोन्हींवर सही केली होती. करार दोन असतील तर तिथल्या न्यायालयात अरबीतला कागद चालतो. म्हणून अरबी कागदाचे भाषांतर मागावे आणि त्याचा फोटो काढून घरी पाठवल्याशिवाय विमानात बसू नये. आपल्या शहरांत अरबी वाचणारे शिक्षक, मौलवी आहेत. पाथरीत तर ते शेजारच्याच गल्लीत आहेत. जाऊन विचारायला लाजू नये.

गिरमिट ते ग्रीन व्हिसा

कागदावर अंगठा घेऊन माणूस समुद्रापार नेण्याची रीत नवी नाही. १८३४ पासून इंग्रजांनी मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर भारतीय मजूर नेले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांची मराठी बोलणारी, मराठी सण करणारी पिढी तिथे अजून आहे. त्यांच्या कराराला ॲग्रीमेंट म्हणत, मजुरांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले. गिरमिटात मजूर एका मळ्याला बांधलेला असे. मळा सोडून दुसऱ्या मळ्यावर गेला तर तो फरारी. हुरूब आणि हे यांत फार फरक दिसत नाही. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली.

त्याच सुमाराला आपल्या माहितीतला दुसरा एक करार झाला होता. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी लेखी करार केला. संस्थानाने अमेरिकेत शिकवायचे आणि परतल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. १९१७ साली बडोद्याला गेल्यावर त्यांना राहायला जागा मिळेना, ही हकिकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्या करारात मालक कोण, मुदत किती आणि बदल्यात काय, हे तिन्ही स्पष्ट होते. आपल्या पोराच्या करारात या तीन गोष्टी सापडतात का, एवढेच पाहिले तरी निम्मे काम झाले.

परदेशी माणूस आपल्याकडे आला तर

हाच प्रश्न उलट बाजूनेही पाहण्यासारखा आहे. २००९ च्या सुमाराला आपल्या देशात वीज प्रकल्पांवर हजारो चिनी कामगार 'बिझनेस व्हिसा' घेऊन काम करत असल्याचे सरकारच्या ध्यानात आले. बिझनेस व्हिसा व्यापाराची बोलणी करणाऱ्यासाठी असतो, पाना-हातोडा चालवणाऱ्यासाठी नव्हे. गृह मंत्रालयाने त्यांना ऑक्टोबरअखेर परत जाऊन 'एम्प्लॉयमेंट व्हिसा' घेऊन या, असे सांगितले. पुढे २०१० मध्ये वीज आणि पोलाद प्रकल्पांसाठी वेगळा 'प्रोजेक्ट व्हिसा' काढला.

आपल्या सरकारचा नियम सरळ आहे. माणूस कंपनीचा नोकर म्हणून येवो की करारावरचा सल्लागार म्हणून, पगार महिन्याला घेवो की एकरकमी, इथे काम करणार असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा. ज्या कामाला भारतीय माणूस मिळतो त्या साध्या कामासाठी तो मिळत नाही, आणि पगार वर्षाला किमान सोळा लाख पंचवीस हजार रुपये असावा लागतो. परदेशी पद्धतीचा स्वयंपाकी, दुभाषा अशा मोजक्यांना सूट आहे. थोडक्यात, आपल्याकडे बाहेरचा साधा मजूर येऊच नये अशी तजवीज आहे आणि आपला साधा मजूर मात्र बाहेर जातो. जगभर सगळेच देश असे वागतात, तेव्हा एकट्या सौदीला बोल लावण्यात अर्थ नाही.

शिकलेल्या मुलांची सुटका यातून होते असेही नाही. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिस कंपनीवर अमेरिकेत असाच आक्षेप आला की, नोकरीचा एच-१बी व्हिसा लागतो अशा कामावर तिने माणसे भेटीच्या बी-१ व्हिशावर पाठवली. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने तीन कोटी चाळीस लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. व्हिशाच्या गैरवापराचा आरोप तिने नाकारला, कागदपत्रांतल्या चुका मान्य केल्या. आपला मुलगा पुण्यातून इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला असेल तर त्यालाही हे माहीत हवे की एच-१बीवर तो ज्या मालकाच्या नावाने आला त्याच्याकडेच काम करू शकतो, सुट्टीच्या दिवशी परस्पर गुत्ता घेऊ शकत नाही, आणि नोकरी गेली तर दुसरा मालक शोधायला त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात.

घरी काय ठेवावे, तक्रार कुणी करावी

पोरगा निघण्याआधी घरच्या पेटीत पासपोर्टची, व्हिशाची, कराराची (दोन्ही भाषांतली), विम्याची आणि एजंटाच्या पावतीची झेरॉक्स ठेवावी. पोचल्यावर त्याने इकाम्याचा फोटो पाठवावा. इकामा नव्वद दिवसांच्या आत निघाला पाहिजे. त्यावरचे काम आणि कराराचे काम एकच आहे का ते पाहावे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे आखाती देशांतही नियमाला धरून नाही, हे त्याला सांगून पाठवावे.

अडचण आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फोन चोवीस तास चालतो: १८००-११-३०९०, पैसे पडत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या नोंदणीवर घरच्या माणसालाही तक्रार टाकता येते. तिथे तो स्वतः वकिलातीत आणि कामगार न्यायालयात जाऊ शकतो. सौदीत नोव्हेंबर २०१८ पासून स्वतंत्र कामगार न्यायालये आहेत.

इथल्या एजंटावर कारवाई करायची तर १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दोन हजार! दीड लाख घेणाऱ्याला हा दंड म्हणजे चहापाणी, त्यामुळे पोलिसांत फसवणुकीचा गुन्हाही सोबत नोंदवून घ्यावा. या कायद्याखाली खटला भरायला एरवी केंद्र सरकारची परवानगी लागते. पण फसलेल्या माणसाने स्वतः तक्रार केली तर ती परवानगी लागत नाही. आणि तो परदेशात अडकलेला असेल, तर त्याच्या वतीने बाप, आई, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालक तक्रार करू शकतात. कलम २७ मध्ये ही नाती एकेक करून लिहिलेली आहेत. पोलीस ठाण्यात 'ज्याचे पैसे गेले त्यालाच आणा' असे कुणी म्हणाले, तर हे कलम दाखवावे.